बालशिक्षिका कोठे घडते?

आजच्या विषयाचे नाव वाचून श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आले असेल की, हा विषय अध्यापन विद्यालयाच्या चार भिंतींतला आहे. वसंत व्याख्यानमालेत त्याचे काय काम? ही शंका गैर नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातले एखादे मूल, नातू म्हणा, भाचरू म्हणा, आज ना उद्या रोज तीन-चार तास एका परक्या बाईच्या हवाली केले जाते. दवाखान्यात शस्त्रक्रियेची वेळ आली की, वैद्याचा हात किती बसलेला आहे याची आपण चौकशी करतो. स्वयंपाकाला बाई ठेवायची तर चार दिवस तिच्या हातची भाजी खाऊन पाहतो. पण बालवाडीच्या बाई हे काम कोठे शिकल्या, किती दिवस शिकल्या, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर खरी मुले होती की नुसती वही होती, हे आपण कधी विचारीत नाही. तीन वर्षांचे पोर सांभाळायला शिकायचे ते काय, असा आपला एक जुना समज आहे.

हा समज खोटा आहे, असे मानणारी थोडी माणसे गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या देशांत होऊन गेली. बालशिक्षिका घडवायची कशी, या प्रश्नाशी त्यांनी झुंज घेतली. त्या झुंजीचा एक मोलाचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात, डहाणू तालुक्यातल्या एका समुद्रकाठच्या गावात आणि जवळच्या एका टेकडीवर लिहिला गेला. तो सांगण्यासाठी मी आज उभा आहे. आधी मागची थोडी पार्श्वभूमी सांगतो.

पाठ आणि टाचण

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे शिक्षक तयार करण्याची जी पद्धत आली, ती विलायतेतल्या नॉर्मल स्कूलची. मेरी कार्पेंटरबाई १८६६ साली हिंदुस्थानात आल्या आणि स्त्रीशिक्षिकांसाठी अशा शाळा काढाव्यात म्हणून त्यांनी सरकारकडे आग्रह धरला, हे आपल्याला ठाऊक आहेच. या पद्धतीत अध्यापनशाळेला लागून सरावाची एक शाळा असे. उमेदवाराने विषय निवडावा, पाठाचे टाचण लिहावे, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, उजळणी अशा पायऱ्या पाडाव्यात आणि वर्गासमोर पाऊण तास उभे राहावे. मागच्या बाकावर तपासनीस वही घेऊन बसत व गुण देत. आपल्यापैकी जुन्या शिक्षकांनी असे सराव पाठ दिले असतील.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मुले रांगेत बसलेली आहेत आणि त्यांचे लक्ष आपल्याकडे आहे, ही ती गोष्ट. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ती निम्मी तरी खरी असते. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती मुळीच खरी नसते.

मी काही वर्षे बालशिक्षणाच्या वर्गांचे पाठ तपासण्याचे काम केले आहे. एका पाठाची आठवण अजून टोचते. विषय होता ‘फळे’. उमेदवार मुलीने पुठ्ठ्याची सुंदर चित्रे करून आणली होती. प्रस्तावना झाली आणि कोपऱ्यातले एक मूल आईसाठी मोठ्याने रडू लागले. मुलीने हातातली चित्रे खाली ठेवली, मुलाला कडेवर घेतले, खिडकीशी जाऊन त्याला बाहेरचा कावळा दाखवला. ते शांत झाले, पण खांद्यावरून खाली उतरेना. ती तशीच त्याला घेऊन इतर मुलांत बसली आणि चित्रांच्या ऐवजी कावळ्याच्याच गप्पा सुरू झाल्या. वेळ संपली. मी शेरा लिहिला, ‘पाठ अपूर्ण’, आणि गुण कापले. बाहेर पडताना तिथल्या मदतनीस बाई सहज बोलून गेल्या, “आठ दिवसांत आज पहिल्यांदा ते लेकरू गप्प झालं, सर.” शेरा बदलावा इतकी समज त्या दिवशी मला नव्हती. पुढे या विषयाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की, माझ्या हातून झालेली चूक ही एका पद्धतीची चूक होती आणि ती दुरुस्त करण्याची धडपड फार जुनी आहे.

परदेशातील तीन प्रयत्न

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. हे काम स्त्रियांनी करावे आणि त्यासाठी त्यांनी रीतसर शिकावे, हा त्याचा आग्रह. १८४९ सालापासून लीबेनस्टाइन येथे तो तरुण मुलींना हे शास्त्र शिकवू लागला, तेव्हा तो साठी ओलांडून गेलेला होता. मुलांबरोबर खेळ खेळत, गाणी म्हणत या मुली शिकत. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली; दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला. ती बंदी १८६० साली उठली. तोपर्यंत त्याच्या शिष्या देशोदेशी पांगल्या होत्या.

मात्र या प्रसारात एक घात झाला. फ्रोबेलची साधने, लाकडी चेंडू, ठोकळे, कागदाच्या पट्ट्या, ही सगळीकडे गेली. त्यामागची दृष्टी थोड्याच ठिकाणी गेली. अनेक अध्यापनशाळांत मुली कागदाच्या विणकामाचे, टोचकामाचे देखणे संग्रह तयार करू लागल्या आणि त्या संग्रहावर त्यांची परीक्षा होऊ लागली. हात सुबक झाला, पण तो मुलाच्या पाठीवरून कसा फिरवायचा हे संग्रहात चिकटवता येत नव्हते. याला चांगला अपवाद बर्लिनचा. तेथे हेन्रिएट श्राडर-ब्रायमन या बाईंनी पेस्टालोझी-फ्रोबेल गृह उभे केले आणि शिकाऊ मुलींना मुलांबरोबर बागेत, स्वयंपाकघरात, घरकामात उतरवले.

इटलीत मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलांवर देखरेखीसाठी ज्या बाई नेमल्या, त्या काही मुरलेल्या शिक्षिका नव्हत्या. तरीही मुले जे करू लागली ते पाहून बाई स्वतः थक्क झाल्या. दोन वर्षांनी, १९०९ साली, त्यांनी शिक्षिकांचा पहिला वर्ग घेतला आणि १९१३ साली रोमला पहिला आंतरराष्ट्रीय वर्ग भरला. या वर्गांनी अध्यापनशास्त्रात एक नवी गोष्ट आणली, ती निरीक्षणाची. शिकाऊ शिक्षिकेने मुलांच्या खोलीत गप्प बसावे, हात आवरावा आणि मूल काय करते ते पाहून टिपावे. ज्या काळी शिक्षकाचे कौशल्य बोलण्यावर मोजले जाई, त्या काळी गप्प बसणे हा अभ्यासाचा विषय झाला. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तिसरा प्रयत्न लंडनचा. रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोघी बहिणींनी डेप्टफर्ड या कामगारवस्तीत १९१४ साली मोकळ्या हवेतली शिशुशाळा काढली. तिथे मुलांना न्हाऊ घालणे, खाऊ घालणे, झोपवणे हे शिक्षणाचेच भाग होते आणि शिकायला आलेल्या मुलीला याच कामापासून सुरुवात करावी लागे. १९२१ साली बॉस्टनहून अॅबिगेल एलियट या बाई इथे शिकायला आल्या. परत जाऊन १९२२ साली त्यांनी आपल्या गावी शिशुशाळा काढली आणि तिला शिक्षिकांचा वर्ग जोडला. रेचेल १९१७ साली वारल्या. त्यांच्या नावाचे अध्यापन महाविद्यालय मार्गारेटबाईंनी १९३० साली डेप्टफर्डलाच उभे केले. शिशुशाळा आणि महाविद्यालय शेजारी शेजारी, म्हणजे सकाळी जे हाताने केले त्याचा विचार दुपारी पुस्तकाशी ताडून पाहावा, अशी ती रचना होती.

या तिन्ही प्रयत्नांचा धडा थोडक्यात सांगायचा तर तो असा की, बालशिक्षिकेला आधी मूल पाहता आले पाहिजे आणि मग मुलाचे काम हाताने करता आले पाहिजे. हे दोन्ही धडे आपल्या देशात आले आणि इथल्या मातीत त्यांना तिसरा एक धडा येऊन मिळाला.

भावनगरची टेकडी

काठेवाडात भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही संस्था होती. वकिली सोडून शिक्षणात पडलेले गिजुभाई बधेका यांनी तिथे १९२० साली बालमंदिर सुरू केले. स्वतःला मुलगा झाला, त्याला वाढवायचे कसे याचा विचार करता करता माँटेसोरीबाईंची पुस्तके त्यांच्या हाती पडली आणि वकील शिक्षक झाला. मुलांना कुशीत घेऊन गोष्टी सांगणाऱ्या या भरघोस मिशांच्या गृहस्थाला गुजरातेत लोक ‘मिशाळ आई’ म्हणत. १९२५ साली त्यांनी बालमंदिराला जोडून बाल-अध्यापन मंदिर काढले. अध्यापन मंदिर आधी आणि सरावाची शाळा मागून, हा जुना क्रम इथे उलटला. मुले आधी होती; शिक्षक व्हायला येणारे त्या मुलांच्या घरी पाहुणे म्हणून येत होते.

१९२३ साली या मंडळीत एक मराठी बाई सामील झाल्या होत्या. त्या ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर; राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी काम केलेल्या. म्हणजे टाचणाची पद्धत त्यांना आतून माहीत होती. अशी मानाची जागा भूषवलेली बाई भावनगरच्या बालमंदिरात मुलांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या गुजराती ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती १९३३ साली निघाली, तिचे संपादन ताराबाईंनी केले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले आणि मराठी बालशिक्षिका तयार करण्याचे काम तिथे रुजले.

जून १९३९ मध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या. ज्यांच्या पुस्तकांनी गिजुभाईंचे आयुष्य बदलले, त्या बाईंचे पाऊल या देशाला लागले तेव्हा ते हयात नव्हते. महायुद्धामुळे बाईंचा मुक्काम लांबला. इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे चिरंजीव मारिओ यांना काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले होते. या वर्षांत त्यांनी आपल्या देशात हजारावर शिक्षक तयार केले, हे उपकार मोठेच. परंतु एका सभागृहात शेकडो उमेदवार बसले म्हणजे त्या सर्वांच्या वाट्याला मुलांचा सहवास किती येणार, ही अडचण उरतेच. शिवाय ती साधने महाग. ती घेऊन शिकलेली मुलगी पुढे शहरातल्या सुखवस्तू मुलांच्याच शाळेत जाणार, हे उघड होते.

दादरहून बोर्डीला

ताराबाईंना हीच गोष्ट खुपू लागली. गांधीजी १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर म्हणू लागले होते की, नयी तालीम सात वर्षांपासून सुरू होऊन भागायचे नाही. ती जन्मापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून सुरू झाली पाहिजे. त्याच वर्षी सार्जंट समितीच्या योजनेने देशात दहा लाख मुलांसाठी शिशुशाळांच्या जागा असाव्यात असे मांडले. पण या दहा लाख मुलांपुढे उभे कोण राहणार? दादरच्या शिशुविहारात तयार झालेली मुलगी खेड्यातल्या उघड्या पोरासमोर बसली, तर तिला काय करता येईल?

या प्रश्नाचे उत्तर शहरात बसून मिळणार नव्हते. बोर्डीच्या हायस्कुलाचे आचार्य भिसे यांचे बोलावणे होतेच. डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय ५३ होते. बोरिवलीला भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांना एक साथीदार मिळाली, ती अनुताई वाघ. अनुताईंना लहानपणीच वैधव्य आलेले. पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिक्षिका होत्या. ती नोकरी मागे टाकून त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ साली शेवटचा श्वास घेईपर्यंत त्या कामातच राहिल्या.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. केंद्राची बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरिबांची मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कोणाला आणून सोडायला घरात माणूस नव्हते, आणि त्या काळी ज्याला हरिजनवाडा म्हणत, तिथल्या मुलांना गावाच्या मध्यावर येणे म्हणजे एक दिव्यच होते. तेव्हा ताराबाईंनी ठरवले की, मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. यातून ‘अंगण बालवाडी’ निघाली. वस्तीवरच्या एखाद्या अंगणात, झाडाच्या सावलीत, तिथल्या लोकांच्या सोयीच्या वेळी मुले जमवायची. आधी हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे काढायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने विकत आणायची नाहीत. समुद्रकाठी शिंपले आहेत, रस्त्यावर खडे आहेत, झाडाखाली बिया आणि पाने आहेत. माँटेसोरीबाईंनी लहानमोठे, जाडबारीक, खरखरीत-गुळगुळीत ओळखायला जे ठोकळे केले होते, त्यांचे काम हे खडे आणि बिया करू लागल्या.

आता या अंगणात शिकाऊ मुलगी नेऊन उभी करा आणि सराव पाठाची ती जुनी खोली आठवा. इथे मागचा बाक नाही. इथे ‘फळे’ हा विषय सकाळी टाचणात लिहून आणता येत नाही. कारण अंगणात पोहोचल्यावर कळते की, एक मूल तापले आहे, दुसरे न जेवता आले आहे आणि तिसऱ्याची आई दारात उभी राहून ही बाई काय करते ते पाहते आहे. शिकाऊ मुलीला एकाच वेळी मुलाशी आणि आईशी बोलावे लागते. ज्या मुलाला तिच्या घरची माणसे शिवली नसती, त्याचे डोके तिला मांडीवर घेऊन विंचरावे लागते. अस्पृश्यतेवरचे दहा पाठ ऐकून जे होत नाही ते एका फणीने होऊ शकते. म्हणून मी म्हणतो की, बोर्डीने बालशिक्षिकेच्या तयारीत तिसरा धडा घातला. मूल पाहावे, मुलाचे काम हाताने करावे, आणि ज्या घरातून ते येते त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत जावे, असा तो पुरा धडा.

यात आणखी एक न्याय आहे, तो सहज नजरेआड होतो. सरावाच्या शाळेतले मूल हे उमेदवाराच्या परीक्षेचे साधन असते. आज एक बाई आली, उद्या दुसरी. त्या मुलाला यातून काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही. अंगणात तसे चालत नाही. शिकाऊ मुलगी तिथे गेली तर मूल न्हाते, हसते, चार शब्द बोलते; तिने जाणे चुकवले तर दुसऱ्या दिवशी अंगणात विचारणा होते. तिचा सराव हीच त्या वस्तीची सेवा झाली. शिकणारा ज्याच्याकडून शिकतो त्याचे देणे तिथल्या तिथे फेडतो, अशी ही व्यवस्था होती.

कोसबाडची कुरणे

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीजवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. याच मुलखात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. तेव्हा शहरातून आलेल्या पांढरपेशा माणसाकडे तिथला माणूस संशयाने पाहत असे, यात नवल नाही. कोसबाडला ‘विकासवाडी’ उभी राहिली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. यामागचे कारण अगदी साधे होते. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे; म्हणून भावंडाला पाळणाघरात घेतले की, ताई शाळेत येते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी ‘कुरणशाळा’ काढली. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षिकेने जायचे.

अध्यापनाच्या दृष्टीने कोसबाडचे महत्त्व असे की, शिकायला आलेल्या मुलीला तिथे जन्मापासून शाळकरी वयापर्यंतचे मूल एका टेकडीवर पाहायला मिळाले. पाळण्यातल्या मुलाला हसवणारी, बालवाडीतल्या मुलाला गोष्ट सांगणारी आणि पहिलीतल्या मुलाला अक्षर दाखवणारी बाई वेगवेगळी असली, तरी मूल तेच आहे, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि रोज डोळ्यांनी पाहणे वेगळे. शिवाय शहरी मराठी इथे पुरी पडत नसे. पाड्यावरच्या मुलाची बोली बाईला आधी शिकावी लागे. तेव्हा काही दिवस तरी बाई विद्यार्थिनी आणि मूल शिक्षक, असा प्रकार होई. बालशिक्षिकेच्या तयारीला यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

विस्तार आणि आटलेले दिवस

यानंतरचा इतिहास वाढीचा आहे. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ साली स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांतल्या बालवाड्यांना अनुदाने मिळू लागली. पुढे बालसेविकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग निघाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव आहे आणि ते बोर्डीच्या अंगणाशी नाते सांगते. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. ताराबाईंनी एका वस्तीवर जे केले ते देशभर गेले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा.

परंतु नाव गेले तसे सर्वच गेले काय? अंगणवाडी सेविकेचे सुरुवातीचे प्रशिक्षण प्रथम काही महिन्यांचे होते. पुढे ते कामाच्या सव्वीस दिवसांवर आले, आणि तेवढ्यात आहार, लसीकरण, नोंदवह्या आणि बालशिक्षण असे सगळे बसवायचे. २०२३ साली ‘पोषण भी पढाई भी’ या नावाने सेविकांना बालशिक्षणाचे जे प्रशिक्षण सुरू झाले ते तीन दिवसांचे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला, ही चांगली गोष्ट. मात्र तो दूरचित्रवाणी व मोबाइलवरून घरबसल्या घेता यावा आणि महिन्यातून किमान एक वर्ग समोरासमोर व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. सेविकेचे रोजचे काम अडू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. आणि अंगणवाडीत तिच्यासमोर मुले असतात, तेव्हा तिला सराव मिळतच नाही, असेही म्हणता येणार नाही.

उणीव आहे ती दुसरी. बोर्डीला शिकाऊ मुलगी अंगणात जाई तेव्हा तिच्याबरोबर तिच्याहून अनुभवी कोणी असे. मूल रडले, तिने काही केले, ते बरोबर होते की चूक, हे संध्याकाळी परत येताना बोलायला एक माणूस असे. एकटीने रोज तीच चूक केली तर तिला अनुभव म्हणत नाहीत, सवय म्हणतात. पडद्यावरची व्याख्याने कितीही चांगली असली तरी त्या पडद्याला अंगणातले मूल दिसत नाही.

खाजगी बालवाड्यांतही तीच कथा, फक्त रंग वेगळा. अध्यापन विद्यालयातून ज्याला आज ‘आंतरवासिता’ म्हणतात, त्यासाठी मुली महिना-दोन महिने बालवाडीत येतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना फुकटची मदतनीस म्हणून वापरतात. तक्ते करा, भिंत सजवा, स्नेहसंमेलनाचे नाच बसवा. उलट विद्यालयाला हवी असते ती जाडजूड फाइल. फ्रोबेलच्या नावाने जे कागदाचे संग्रह होत होते, त्यांचाच हा नवा अवतार. मुलगी फाइल भरते, शिक्का मिळतो, आणि ती मुलांपुढे उभी राहते तेव्हा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करते. या सुरुवातीची किंमत आपली मुले मोजतात.

आपण काय करावे

हे सर्व ऐकून श्रोते म्हणतील की, धोरणे सरकार ठरवते, अभ्यासक्रम विद्यालये ठरवतात. आम्ही गावातली साधी माणसे, आम्ही काय करणार? पण बोर्डीचा प्रयोग सरकारने केला नव्हता. तो एका गावाच्या शाळेने बोलावणे धाडले आणि काही घरांनी आपली अंगणे मोकळी करून दिली म्हणून झाला. ते अंगण आजही आपल्याच हाती आहे.

आपल्या गावात बालवाड्या आहेत, अंगणवाड्या आहेत. त्यांच्या चालकांना आपण तीन साधे प्रश्न विचारू शकतो. इथे शिकायला मुली येतात काय? आल्या तर त्यांच्याबरोबर रोज कोण असते? आणि त्या मुलांपाशी किती वेळ बसतात, भिंतीपाशी किती? शिकाऊ मुलगी वर्गात दिसली की, काही पालक नाराज होतात. आमच्या मुलावर प्रयोग नको, म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण जिच्या शेजारी जाणती शिक्षिका उभी आहे अशी शिकाऊ मुलगी आणि जिला कोणी कधीच शिकू दिले नाही अशी एकटी पक्की बाई, या दोहोंत मुलाला धोका कोणापासून अधिक, याचा त्यांनी शांतपणे विचार करावा. तिला महिनाभर एकाच मुलांच्या घोळक्यात राहू द्यावे, रोज वर्ग बदलू नयेत. आणि जाताना तिने मुलांचा नीट निरोप घ्यावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे मुलाचेही नुकसान होत नाही.

आणि माझ्यासारख्या तपासनीसांनी आपल्या शेऱ्यांची वही पुन्हा एकदा उघडावी. ती ‘फळे’ शिकवायला आलेली मुलगी त्या दिवशी पाहत होती, करत होती, आणि एका घरातून आलेल्या रडण्यापर्यंत चालत गेली होती. भावनगर, बोर्डी आणि कोसबाड मिळून जे सांगतात, ते तिला कोणी न शिकवता उमगले होते. पाठ अपूर्ण राहिला नव्हता. पुढे ती बालशिक्षिका झाली की नाही, मला माहीत नाही. झाली असेल, तर तिच्या वर्गातल्या मुलांचे भाग्य. आणि नसेल झाली, तर त्या नुकसानीत माझ्या शेऱ्याचा वाटा आहे, हे या सभेपुढे कबूल करून मी आपली रजा घेतो.